खिशातली अँप्यूल

जत्रेच्या नाटकात पेटी वाजवणाऱ्याचं हृदय बंद पडलं, त्या रात्रीच्या गावात दोन गोष्टी सांगतात. एक मोठ्याने: "इंजेक्शन दिल्याबरोबर पेटीवाला उठून बसला." दुसरी जरा आवाज खाली आणून: "डॉक्टरच्या खिशात इंजेक्शन होतं, पण अकरा मिनिटं त्याने दिलंच नाही." तो डॉक्टर मी. पहिली गोष्ट खोटी आहे. दुसरी खरी आहे, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं ते तिच्यामुळेच. पेटीवाल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची संमती घेतली आहे. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं एक गाव, जानेवारीतली जत्रा. पालखी देवळात परतली की मांडवात नाटक, म्हणजे मध्यरात्र उलटलेलीच असते. संगीत नाटक गावच्याच मंडळींचं, त्यामुळे वादकही गावचेच. पायपेटीवर ५६ वर्षांचे गृहस्थ. मधुमेह, गोळ्या नियमित, विडी सुटून चार वर्षं झालेली. संध्याकाळपासून छातीत जडपणा होता. तो त्यांनी गॅसवर ढकलला आणि लिंबू-सोडा पिऊन बसले. हे मला नंतर कळलं. मी सहाव्या रांगेत, चहाचा कप हातात.

दुसऱ्या अंकातलं पहिलं पद सुरू होतं. पेटीचा एक सूर लांबला आणि विरत गेला. पाय थांबले की भात्यातली हवा संपते, तसा. नटाने वळून पाहिलं. पेटीवाल्यांचं कपाळ पट्ट्यांवर टेकलेलं होतं.

पुढच्या वेळा मी घड्याळात बघून लिहिलेल्या नाहीत. एका मुलाने नाटक टिपायला मोबाइल तिकाटण्यावर लावून ठेवला होता आणि तो तसाच चालू राहिला. त्यामुळे सेकंदांसकट सगळं हाताशी आहे, माझी फजिती धरून. कोसळण्याचा क्षण शून्य मिनिट धरला आहे.

पहिली १ मिनिट ५० सेकंदं वाया गेली. हातपाय झटकले गेले म्हणून लोकांना फीट वाटली. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबला. हृदय बंद पडल्यावर सुरुवातीला असे झटके येऊ शकतात, आणि मिनिटाला तीन-चार वेळा घरघरत श्वास घेतल्यासारखं तोंड उघडतं. तो श्वास नव्हे. मी पोचलो तेव्हा घरातलेच एक म्हणाले, "श्वास चालू आहे हो, डॉक्टरबाब." हलवून हाक मारली, उत्तर नाही. मानेशी नाडी लागली नाही. बाकावरून खाली जाजमावर घेतलं आणि छाती दाबायला लागलो.

एकाने १०८ ला फोन लावला. देवस्थान समितीतले एक आजोबा खिशातून सॉर्बिट्रेट काढून पुढे आले. त्यांना स्वतःला अंजायनाचा, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा त्रास, गोळी कायम जवळ. त्यांची चूक म्हणता येणार नाही, घराघरांत हेच शिकवलेलं आहे. पण ती गोळी छातीत दुखणाऱ्या, शुद्धीवरच्या माणसासाठी असते. तिने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. ज्याच्या शरीरात रक्तदाब म्हणून काही उरलेलंच नाही, जो थोडाफार आहे तो छाती दाबणाऱ्याच्या मनगटांतून येतो आहे, त्याला ती देऊन काय होणार? शिवाय बेशुद्ध माणसाच्या तोंडात गोळी. मी नको म्हणालो, आजोबा दुखावले. एका रात्रीत दोन औषधं नाकारणारा डॉक्टर अशी माझी कीर्ती व्हायची होती, त्यातलं हे पहिलं.

तिसऱ्या मिनिटाला सेनापती आला. म्हणजे सेनापतीचं काम करणारा तरुण, चिकटवलेल्या मिशा आणि कमरेला पत्र्याची तलवार. खाणीवर नोकरी करताना प्रथमोपचाराच्या वर्गाला बसला होता. तलवार सोडून गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "सरा बाजूला, मी घेतो." मी दाबत होतो त्यापेक्षा बरं दाबत होता. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ देऊन. तबलजी शेजारीच होता. त्याने न सांगता बोटांनी जाजमावर ठेका धरला. नंतर चित्रफितीवरून मोजला तर मिनिटाला ११२. हवे असतात १०० ते १२०.

चौथ्या मिनिटाला कुणीतरी आठवण करून दिली की माझी बॅग गाडीत आहे. सातव्या मिनिटाला ती आली. आत अ‍ॅड्रेनलिनच्या दोन अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, एक मिलिलिटरच्या, प्रत्येकीत एक मिलिग्रॅम. लस किंवा इंजेक्शन दिल्यावर कुणाला जोराची अ‍ॅलर्जी आली तर असाव्यात म्हणून प्रत्येक दवाखान्यात असतात. सिरिंज होत्या. शिरेत ठेवायची सुई, जिला आम्ही कॅन्युला म्हणतो, ती नव्हती.

अँप्यूल मी हातात घेतली. चित्रफितीत दिसतं की पूर्ण नऊ सेकंद मी तिच्याकडे बघतो आहे. मागून आवाज येतो, "द्या ना डॉक्टरबाब, बघता काय?" मग मी ती सदऱ्याच्या खिशात टाकतो आणि सेनापतीला मोकळं करून छातीवर बसतो.

ती का दिली नाही, हे सांगायला औषध काय करतं तिथपासून सुरुवात करावी लागेल.

छाती दाबून आपण जेमतेम रक्ताभिसरण चालवतो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते दोन दाबांच्या मधल्या क्षणी, महाधमनीतला दाब हृदयाच्या उजव्या कप्प्यातल्या दाबापेक्षा जास्त असेल तर. हा फरक साधारण १५ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली राहिला तर हृदय पुन्हा सुरू होण्याची आशा जवळजवळ नसते. अ‍ॅड्रेनलिन हातापायांतल्या, आतड्यांतल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि महाधमनीतला दाब वाढवतं. एवढ्यासाठीच ते द्यायचं. त्याच्या पाठोपाठ त्याचा दुसरा गुण येतो: उपाशी हृदयाला ते आणखी राबवतं, त्याची प्राणवायूची भूक वाढवतं, ठोके बिघडवतं. आणि मेंदूतल्या अगदी बारीक वाहिन्यांतला प्रवाहही त्याने घटतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

म्हणजे छाती दाबणं नीट चाललं असेल तरच औषधाला करायला काही उरतं. मांडीत टोचलं असतं तर थंड पडलेल्या, रक्त न फिरणाऱ्या स्नायूतून ते हृदयापर्यंत पोचण्याचा भरवसा नव्हता. साध्या सुईने कोपराच्या शिरेत घालायचा प्रयत्न करता आला असता. पण नाडी नसलेल्या माणसाची शीर, मांडवाच्या दिव्यात, गुडघ्यांवर बसून, ज्याचा हात दर दाबाबरोबर हलतो आहे त्याची! त्यासाठी निदान अर्धा मिनिट छाती थांबवावी लागली असती, आणि दाब थांबवला की महाधमनीतला तो दाब काही सेकंदांत उतरतो, परत चढवायला पुन्हा कितीतरी दाब खर्ची पडतात. छाती दाबायला अशी नीट शिकलेली माणसं तिथे दोनच होती, त्यातला एक मी.

सिनेमातल्यासारखी छातीतून थेट हृदयात सुई? इंटर्नशिपमध्ये मी ती एकदा पाहिली आहे. फुप्फुस फुटतं, हृदयाची धमनी फाटते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेवढा वेळ दाबणं बंद. ती पद्धत केव्हाच मोडीत निघाली.

तेराव्या मिनिटाला रुग्णवाहिका आली. डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, असलेली होती, हे नशीब. पट्ट्या लावल्या आणि पडद्यावर व्हीएफ दिसलं: हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. या थरथरीवर खरा इलाज विजेचा झटका. पहिला झटका १४ मिनिटांवर, दुसरा १६ मिनिटं १० सेकंदांवर. मध्ये सलग दाबणं, सेनापती आणि रुग्णवाहिकेतला कर्मचारी आलटून पालटून. मी आता शिरेकडे वळू शकत होतो, कारण छातीवर माणसं होती. डाव्या कोपराला चुकलो. उजव्या कोपराला १८ नंबरची कॅन्युला बसली. हाडाच्या मज्जेतून औषध देण्याची सुई गाडीत नव्हती, त्याची खंत नाही. २०२४ मध्ये ब्रिटन आणि डेन्मार्कमधले दोन मोठे अभ्यास एकदम प्रसिद्ध झाले, रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांत शीर की हाड हेच तपासणारे. हाडाच्या वाटेने फायदा दिसला नाही.

तिसरा झटका १८:२० वर. तरीही व्हीएफ. आता खिशातली अँप्यूल बाहेर आली. १८:५० ला एक मिलिग्रॅम शिरेत, लगेच मागून २० मिलिलिटर सलाइन जोराने, आणि हात वर उचलून धरला. हे शेवटचं बरेचजण विसरतात. न ढकललेलं औषध कोपरातच बसून राहतं.

व्हीएफसारख्या, विजेचा झटका लागू पडणाऱ्या लयीत अ‍ॅड्रेनलिन झटके फसल्यावर द्यायचं. युरोपातली पद्धत तिसऱ्या झटक्यानंतरची. लय झटका न बसणारी असती, पडद्यावर सपाट रेघ असती किंवा विद्युत लय दिसूनही नाडी नसती, तर हिशोब उलटा. तिथे शीर मिळताक्षणी द्यायचं, कारण छाती दाबणं आणि कारण शोधणं याशिवाय दुसरं हत्यारच नसतं. माझ्या खिशातली अँप्यूल तिथे जास्त महत्त्वाची ठरली असती. सातव्या मिनिटाला माझ्याकडे पडदा नव्हता, पण शीरही नव्हती.

मग अ‍ॅमिओडारोन, हृदयाची लय ताळ्यावर आणायचं औषध, ३०० मिलिग्रॅम. एका अँप्यूलमध्ये १५०, म्हणजे दोन फोडायच्या. पहिली फोडताना रुग्णवाहिकेतल्या मुलाचं बोट कापलं. घाईने ओढलं की हे औषध साबणासारखं फेसतं आणि अर्धी सिरिंज बुडबुड्यांनी भरते. त्याच्या हातून सिरिंज घेऊन मी सावकाश ओढलं. चौथा झटका २०:३० वर.

अ‍ॅमिओडारोनवर लोकांचा फार विश्वास, तेव्हा आकडेही सांगतो. २०१६ मध्ये उत्तर अमेरिकेतला अभ्यास आला: झटक्यांना न जुमानणारं व्हीएफ किंवा त्याचीच बहीण असलेली नाडीविरहित जलद लय, ३०२६ रुग्ण, तीन गट. घरी जिवंत गेले ते अ‍ॅमिओडारोनने २४.४ टक्के, लिग्नोकेनने २३.७, निव्वळ सलाइनने २१. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण ज्यांना कुणीतरी कोसळताना पाहिलं होतं त्यांच्यात औषध घेतलेले जास्त जगले, सुमारे २७.७ टक्के विरुद्ध २२.७. आमचे पेटीवाले पाचशे लोकांसमोर कोसळले होते. आणि अ‍ॅमिओडारोन नसेल तर लिग्नोकेन, जे दाताच्या डॉक्टरकडेही असतं, त्याच तोडीचं आहे.

आता माझी चूक.

चौथ्या झटक्यानंतर दाबणं चालू होतं. अ‍ॅड्रेनलिन दर तीन ते पाच मिनिटांनी. साडेतीन मिनिटं होत आली, म्हणून मी दुसरी अँप्यूल भरली. चित्रफितीत २२:१२ ला पेटीवाल्यांचा डावा हात उचलला जातो आणि सेनापतीच्या मनगटाला ढकलतो. सेनापती ओरडतो, "हलले!" मी तिथेच, दोन हात अंतरावर. २२:२० ला माझा अंगठा सिरिंज पूर्ण दाबतो. घड्याळाकडे बघून दिलं, रुग्णाकडे बघून नाही.

२२:४० ला तपासलं तर नाडी लागली, जोराची. रक्तदाब २१०/१२०, ठोके १५०, मध्येच वेडेवाकडे. ज्या हृदयाने नुकतं उभं राहायला घेतलं होतं त्याला मी पुन्हा पळायला लावलं. २५ व्या मिनिटाला पडदा परत थरथरला. पाचवा झटका, अ‍ॅमिओडारोनचे आणखी १५०, आणि २७ व्या मिनिटाला नाडी परतली ती राहिली. रक्तदाब उतरून ९२/६० वर स्थिरावला. दुसरं थरथरणं माझ्या इंजेक्शनामुळेच झालं हे एका रुग्णावरून सिद्ध करता येणार नाही. पण कुणी मला विचारलं तर मी होच म्हणेन.

गाडीतल्या पेटीत अ‍ॅट्रोपिन, सोडाबायकार्ब आणि कॅल्शियमही होतं. रुग्णवाहिकेतल्या मुलाने विचारलं, "सर, सोडा देऊ?" माझ्या पिढीने हा सगळा काढा शिकलेला आहे. मिनिटं वाढली की एकेक अँप्यूल फोडत जायचं, शेवटी जमिनीवर काचांचा ढीग, आणि नातेवाइकांना सांगायचं, सगळं दिलं. अ‍ॅट्रोपिन २०१० मध्ये नेहमीच्या वापरातून गेलं. बायकार्ब ठरावीक कारणांसाठी राहिलं, पोटॅशियम वाढलेलं असणं किंवा ठरावीक विषबाधा. कॅल्शियमची डेन्मार्कमध्ये चाचणी झाली, ३९१ रुग्णांवर. नाडी परत आली ती कॅल्शियमच्या गटात १९ टक्क्यांची, सलाइनच्या गटात २७. अपाय होण्याची शंका आल्याने चाचणी मध्येच थांबवली आणि २०२१ मध्ये निकाल छापला. अ‍ॅड्रेनलिनचा डोस पाचपट करूनही पाहिला गेला आहे, १९९८ च्या युरोपीय अभ्यासात: नाडी जास्त जणांची परतली, घरी जाणारे वाढले नाहीत. मी मुलाला म्हटलं, सोडा राहू दे, प्राणवायूची नळी बघ.

नाडी परतल्यावर लगेच ईसीजी काढायचा मोह होतो. पहिल्या सात-आठ मिनिटांतला ईसीजी फसवा असू शकतो, म्हणून गाडी निघाल्यावर काढला. पुढच्या भिंतीचा मोठा हार्ट अ‍ॅटॅक स्पष्ट होता. पेटीवाल्यांचा मुलगा गाडीत होता. त्याने विचारलं, "ते गुठळी विरघळवायचं इंजेक्शन का नाही दिलं? आमच्या काकांना दिलं होतं." प्रश्न रास्त. गोव्यात हार्ट अ‍ॅटॅकसाठीच्या स्टेमी गोवा प्रकल्पामुळे छोट्या सरकारी केंद्रांतही ईसीजी पाहून हे इंजेक्शन, टेनेक्टेप्लेस, मिळतं, आणि त्याने जीव वाचलेत. पण ते धडधडत्या हृदयासाठी. थांबलेल्या हृदयात छाती दाबता दाबता तेच औषध युरोपात १०५० जणांवर वापरून पाहिलं, २००८ मध्ये निकाल आला: ३० दिवसांनी जिवंत १४.७ टक्के, आणि न दिलेल्यांत १७. आणि या रुग्णाची छाती २५ मिनिटं दाबली गेली होती, बरगड्या मोडल्या होत्या, अँजिओप्लास्टीची सोय रात्रीच्या मोकळ्या रस्त्याने पाऊण तासावर होती. तिकडेच गेलो.

डाव्या बाजूची पुढची धमनी सुरुवातीलाच बंद निघाली. स्टेंट पडला. ताप येऊ न देता झोपवून ठेवलं, चौथ्या दिवशी नळी निघाली, चौदाव्या दिवशी घरी.

नाटक अर्थातच त्या रात्री पुरं झालं नाही. पण चहाच्या टपरीवर खटला उभा राहिला. वहिनी, म्हणजे पेटीवाल्यांच्या पत्नी, दवाखान्यात येऊन सरळ म्हणाल्या, "लोक म्हणतात ते खरं का? खिशात असून दिलं नाही?"

मी त्यांना चित्रफीत दाखवली आणि एक अभ्यास सांगितला. ब्रिटनमध्ये २०१४ ते २०१७ पाच रुग्णवाहिका सेवांनी ८०१४ जणांना चिठ्ठी टाकल्यासारखं अ‍ॅड्रेनलिन किंवा सलाइन दिलं. देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं कुठल्या सिरिंजमध्ये काय. औषधाने नाडी परतली ३६.३ टक्के लोकांची, सलाइनने ११.७. केवढा फरक! म्हणूनच ज्याने ज्याने ते दिलं आहे त्याला ते रामबाण वाटतं, मलाही वाटायचं. महिन्याने जिवंत होते ३.२ टक्के विरुद्ध २.४. आणि स्वतःचं स्वतः करण्याइतके शाबूत घरी गेले २.२ विरुद्ध १.९, म्हणजे खात्रीचा फरक नाहीच. उलट घरी गेलेल्यांमध्ये मेंदूला जबर इजा झालेले अ‍ॅड्रेनलिनच्या गटात ३१ टक्के, सलाइनच्या गटात १७.८. या अभ्यासात फोन आल्यापासून औषध शिरेत जायला साधारण २१ मिनिटं लागली होती. आमच्याकडे कोसळण्यापासून १८:५०. मांडवात, गावात, रात्री एक वाजता. तो आकडा बघून मला आमच्या रुग्णवाहिकेतल्या मुलांचं जरा कौतुक वाटलं.

वहिनी म्हणाल्या, "मला टक्के कळत नाहीत." मग मी त्याच अभ्यासकांनी मांडलेला हिशोब सांगितला: एक जीव जास्तीचा वाचवायला अ‍ॅड्रेनलिन ११२ जणांना द्यावं लागतं. तिथे हजर असलेल्या कुणीही छाती दाबणं १५ जणांत एक जीव वाचवतं, लवकर दिलेला झटका पाचांत एक. त्यांनी विचारलं, सेनापती कुठे राहतो. तो राहतो त्यांच्याच वाड्यावर, चार घरं सोडून. त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

समितीच्या खजिनदारांनी मात्र म्हापशाहून अ‍ॅड्रेनलिनच्या दहा अँप्यूल आणून देवळाच्या कपाटात ठेवल्या, तेलाच्या डब्याशेजारी. पत्र्याचं कपाट, उन्हात तापणारं. मे महिन्यात मी पाहिल्या तर दोन गुलाबी पडल्या होत्या. प्रकाशाने आणि उष्णतेने हे औषध रंग बदलतं, मग ते फेकायचं. मी सगळ्याच घेऊन आलो आणि त्यांना यादी दिली: एईडी (कुणालाही वापरता येईल असं झटका देणारं यंत्र), कात्री, वस्तरा, पंचा. वस्तरा कशाला म्हणून हसले. छातीवर दाट केस असले की एईडीच्या पट्ट्या नीट चिकटत नाहीत. एईडीची किंमत ऐकून हसू थांबलं. वर्गणी चालू आहे. सेनापती दर रविवारी तालमीआधी उशी दाबायला लावतो, तबलजी ठेका धरतो.

पेटीवाले जूनमध्ये दवाखान्यात आले. डाव्या हाताची बोटं नीट चालतात. जुनी नाट्यपदं एकही सूर न चुकता वाजतात. नवीन चाल बसत नाही. सकाळी शिकलेली संध्याकाळी गेलेली. जत्रेची रात्र आणि आधीचे तीन दिवस पुसलेले. चित्रफीत त्यांनी स्वतः मागून घेतली होती, पाहिली होती, आणि वादक माणूस, त्यामुळे वेळा पाठ.

"दुसरं इंजेक्शन बावीस वीसला," ते म्हणाले. "त्याआधी मी हात हलवलेला दिसतो."

"हो. ते द्यायला नको होतं."

थोडा वेळ ते टेबलाच्या कडेवर बोटं चालवत राहिले.

"आणि पहिलं?"

"पहिल्याचं मला सांगता येत नाही," मी म्हणालो.